जुना मॉनिटर भंगारात देण्याआधी

पिक्चर ट्यूबचा जाड मॉनिटर भंगारवाला खुशीने उचलतो, कारण ट्यूबच्या मानेभोवती तांब्याची कॉइल असते. कॉइल आणि सर्किट बोर्ड काढला की त्याच्या लेखी माल संपला. उरते काच. ट्यूबच्या मागच्या निमुळत्या भागाच्या काचेत वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त शिशाचं ऑक्साइड असतं. तिला गिऱ्हाईक नाही, म्हणून ती नाल्याकाठी जाते. तेव्हा असा मॉनिटर अख्खाच द्या आणि नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या.

स्क्रू काढून आत डोकावू नका. रंगीत ट्यूब २० ते २५ हजार व्होल्टवर चालते आणि प्लग काढल्यावरही तिच्यात चार्ज राहू शकतो. शिवाय आत निर्वात पोकळी आहे. मान मोडली तर हवा जोराने आत घुसते, काचा उडतात आणि पडद्यामागची भुकटी बाहेर येते. उचलताना पडदा छातीकडे घ्या, कारण सगळं वजन त्याच बाजूला असतं. गाडीत जाड गोधडी पसरून त्यावर मॉनिटर पडदा खाली करून ठेवा.

सपाट एलसीडीत मागच्या लेबलवरचं वर्ष बघा. साधारण २०१० च्या आधीच्या बहुतेक मॉनिटरमध्ये पडद्यामागे पाऱ्याच्या बारीक ट्यूब असतात. प्रत्येकीत पारा काही मिलिग्रॅमच, पण बंद खोलीत तेवढाही नको. ट्यूब फुटली तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, पाऱ्याची वाफ घरभर पसरते. तुकडे जाड कागदाने गोळा करा, जागा ओल्या कागदाने पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरा.

कॉम्प्युटरच्या बाकीच्या सामानात आधी हार्ड डिस्क बाजूला काढा. क्विक फॉरमॅटने माहिती पुसली जात नाही. संपूर्ण डिस्क एकदा ओव्हरराइट करा, म्हणजे जुन्या माहितीवर दुसरं काहीतरी लिहून काढा. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज, म्हणजे सगळी माहिती कायमची पुसण्याची सोय, वापरा. लॅपटॉपच्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. फुगलेली बॅटरी दाबू नका, चार्ज करू नका. कोरड्या वाळूत ठेवा आणि देताना ती फुगलेली आहे हे सांगा. यूपीएसची शिशाची बॅटरी मात्र ई-कचऱ्यात टाकायची नसते. तिचे नियम वेगळे आहेत आणि बॅटरी विक्रेते ती बदल्यात घेतातही. वायरी जाळून तांबं काढणं तर नकोच, कारण वायरीवरच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या धुरात डायऑक्सिन ही विषारी रसायनं असतात.

'ई-कचरा घेतो' या पाटीवर विसंबू नका. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि नोंदणीकृत रिसायकलरांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर मिळते. नोंदणी क्रमांक मागा, नाव आणि पत्ता यादीशी ताडून बघा. मधला एजंट असेल तर माल कुठल्या रिसायकलरकडे जाणार, ते लिहून घ्या. आर्थिक वर्षात कधीही १,००० किंवा जास्त उपकरणं वापरात असलेली संस्था 'बल्क कंझ्युमर' ठरते, आणि तिला ही खातरजमा टाळून चालत नाही.

पैसे भंगारवाल्यापेक्षा कमी मिळतील. पिक्चर ट्यूबसाठी तर काही ठिकाणी उलट तुमच्याकडेच मागतील, आणि ते रास्तच आहे. एकट्यादुकट्या मॉनिटरसाठी सहसा कुणी गाडी पाठवत नाही, म्हणून सोसायटीने सामान एकत्र करून एकाच दिवशी बोलवावं. पावतीवर वस्तू, नग, वजन आणि नोंदणी क्रमांक असल्याखेरीज टेम्पो सोडू नका.