नव्या समुद्री माशाचं क्वारंटाइन, गोव्याच्या हवेत

पिशवीत चकचकीत दिसणारा मासा निरोगी असेलच असं धरून चालू नका. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, कल्ल्यांत शिरून बसला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसेपर्यंत तो टाकीभर झालेला असतो. माशावर तो ३ ते ७ दिवस राहतो, मग गळून वाळूत किंवा दगडावर कोष करतो आणि एकेका कोषातून शेकडो पिल्लं सुटतात. ७२ दिवसांनीही कोष फुटल्याची नोंद आहे. म्हणून रोग एकदा मुख्य टाकीत शिरला की सगळे मासे काढून ती ७६ दिवस रिकामी ठेवायची, असा हिशोब धरतात. त्यापुढे पाच आठवड्यांचं क्वारंटाइन, म्हणजे नव्या माशाला आधी वेगळ्या टाकीत ठेवणं, काहीच नाही.

आता कटू भाग. क्वारंटाइनमध्ये मेलेल्या माशांचा दोष लोक औषधाला देतात. बहुतेक वेळा मारेकरी असतो माशाच्याच उत्सर्जनातून पाण्यात साठणारा अमोनिया. त्यामुळे खरी तयारी मासा यायच्या महिनाभर आधी सुरू होते.

टाकी मांडताना

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची साधी टाकी लहान-मध्यम माशाला पुरते. साडेनऊ इंच पाण्याला साधारण ४५ लिटर होतात, पण अंदाजावर जाऊ नका. मोजलेल्या बालदीने ४५ लिटर भरा आणि काचेवर मार्करने रेघ मारा. पुढचा औषधाचा सगळा हिशोब या रेघेवर चालतो. बाष्पीभवनाने पाणी रेघेखाली गेलं की आरओचं गोडं पाणी घालायचं, खारं नाही. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं.

तळाला वाळू नको, कोरलचे तुकडे नकोत. परजीवी मारायला पुढे पाण्यात तांब्याचं औषध घालायचं आहे. चुनखडीचे असले जिन्नस ते तांबं शोषून घेतात आणि मोजणी बिघडते. लपायला हार्डवेअरच्या दुकानातले दोन इंची पीव्हीसीचे एल्बो टाका. वाळूत झोपणाऱ्या व्रास जातीच्या माशाला मात्र वाळूविना झोप येत नाही. त्याच्यासाठी प्लास्टिकच्या डब्यात सिलिका वाळू ठेवा. वरून जाळीचं झाकण हवंच, नवा मासा उडी मारतो.

गाळणीसाठी एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर. दोन स्पंज घ्या आणि मुख्य टाकीच्या संपमध्ये (खालच्या गाळणीच्या टाकीत) चार आठवडे मुरवत ठेवा, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू त्यात वस्तीला येतात. दुकानातून आणलेला कोरा स्पंज त्याच दिवशी लावला तर तो नुसताच बुडबुडे सोडतो. एअर पंपचा आणखी एक फायदा पावसाळ्यात कळतो: वीज गेली तरी जेमतेम पाच वॉटचा पंप इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा पंप घरात असू द्या.

हीटर २६ अंशांवर लावा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सोडल्या तर तो इथे फारसा पेटतही नाही. आपली अडचण उलटी, मे महिन्यात पाणी ३२ अंशांवर जातं आणि त्यातला प्राणवायू कमी होतो. पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण हवा दमट झाली की तोच पंखा फारसा उपयोगी पडत नाही.

टाकी मुख्य टाकीपासून किमान तीन मीटर दूर असावी. व्हेल्व्हेट या दुसऱ्या रोगाचा परजीवी हवेतल्या तुषारांतून तेवढा प्रवास करू शकतो आणि आपल्या घरात डोक्यावर पंखा अखंड फिरत असतो. जाळं, सायफन, टॉवेल, सगळं वेगळं. त्या खोलीत डासांचा स्प्रे मारू नका. एअर पंप तीच हवा पाण्यात ओढतो आणि त्यातलं कीटकनाशक माशांना जहाल विष आहे.

पाणी

समुद्र दाराशी असला तरी या कामाला त्याचं पाणी नको. जून ते सप्टेंबर मांडवी-जुवारीच्या गोड्या, गढूळ पाण्याने किनाऱ्याचा खारटपणा पार उतरतो, आणि एरवीही त्यातून काय काय येईल ते सांगता येत नाही. मिठागरातलं मीठही चालत नाही. ते मुख्यतः सोडियम क्लोराइड असतं, समुद्राच्या पाण्यातला कॅल्शियम आणि क्षार यांचा तोल त्यात नसतो. चिऱ्याच्या भागातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि आम्लाकडे झुकणारं, तेही थेट वापरू नका. आरओच्या पाण्यात अ‍ॅक्वेरियमचं समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, आणि रात्रभर एअर स्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा दगड).

मासा बाहेरगावाहून रात्रीच्या बसने किंवा रेल्वेने येत असेल तर विक्रेत्याला फोन करून त्याच्या पाण्याची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे खारटपणाचं माप, विचारा. बरेच दुकानदार १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. आपली टाकी तेवढीच करून ठेवा. मासा स्थिरावल्यावर रोज ०.००१ ते ०.००२ ने वाढवत १.०२५ वर न्या. खारटपणा उतरवणं मासा सोसतो, झटक्यात चढवणं सोसत नाही.

पिशवी उघडल्यावर

इथे टाकीचं पाणी पिशवीत थेंबथेंब घालत दोन तास बसायची सवय घात करते. बंद पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली राहतो आणि त्यामुळे अमोनिया सौम्य रूपात पडून असतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बारा तास प्रवास करून आलेल्या माशाची पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळलं की उघडा, खारटपणा तपासा आणि जुळत असेल तर लगेच मासा उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकून द्या. दिवा पहिला दिवस बंद.

पहिले तीन दिवस

औषध नाही. मासा खातो का ते बघा. न खाणाऱ्या माशाला तांबं झेपत नाही. हटखोर बटरफ्लायफिशपुढे तिसरी उघडून शिंपल्यासकट ठेवा, आधी फ्रीजरमध्ये गोठवून. तुकडे करून टाकलेल्या सुंगटांकडे (कोळंबीकडे) ढुंकूनही न बघणारा मासा शिंपल्यात चोच घालतो. अर्ध्या तासाने उरलेलं काढा.

मिनिटाला कल्ले किती वेळा हलतात ते मोजून लिहून ठेवा. शंभराच्या वर जायला लागलं, मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा राहिला, बाजूने बॅटरी मारल्यावर अंगावर सोनेरी धूळ दिसली तर व्हेल्व्हेट समजा आणि तीन दिवसांची वाट न बघता तांबं सुरू करा, तो दोन-तीन दिवसांत मारतो. क्लाउनफिशच्या अंगावर दाट पांढरा चिकट थर आला तर ब्रूकलिनेला हा परजीवी समजा. त्यावर तांबं चालत नाही. १० लिटरच्या बालदीत ३७ टक्के फॉर्मेलिन दीड मिली, जोरदार हवा चालू, ४५ मिनिटं, आणि मग मासा दुसऱ्या स्वच्छ टाकीत. खिडक्या उघड्या, हातात मोजे. बाटलीच्या तळाला पांढरा गाळ बसला असेल तर ते फॉर्मेलिन वापरू नका.

तांबं

कॉपर पॉवरसारखं चिलेटेड (तांबं दुसऱ्या रेणूला बांधलेलं) औषध २.० ते २.५ पीपीएमवर, म्हणजे लिटरला तेवढ्या मिलिग्रॅमवर, चालतं. साधं आयनिक तांबं ०.१५ ते ०.२० वर. दहापटीचा फरक आहे, तेव्हा बाटली नीट वाचा. ठरलेली मात्रा दोन दिवसांत चार हप्त्यांनी चढवा आणि हॅना कंपनीच्या हाय रेंज चेकर या मीटरने रोज मोजा. चिलेटेड तांब्याला रंग जुळवायची पट्टी पुरत नाही. मात्रा एकदा जरी २.० च्या खाली घसरली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून. मँडरिन आणि पफर या माशांच्या बाबतीत तांब्याला हात घालताना दहादा विचार करा.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, फवारणीला वापरतात तो मोरचूद म्हणजेही कॉपर सल्फेटच, तेव्हा तोच का नको, असं इथे हमखास विचारलं जातं. हिशोब करा. ४५ लिटरला ०.२ पीपीएम म्हणजे ९ मिलिग्रॅम तांबं, म्हणजे सुमारे ३५ मिलिग्रॅम मोरचूद. स्वयंपाकघरातला काटा हे वजन दाखवतच नाही आणि चिमूट त्याच्या कित्येक पट भरते. शिवाय शेतीच्या मालात आणखी काय मिसळलंय ते वेगळंच. मोरचूद सुपारीलाच राहू द्या.

तांब्याच्या काळात अमोनिया रोज तपासा. ०.२५ पीपीएम दिसला की १५ लिटर पाणी बदला आणि औषध फक्त त्या १५ लिटरपुरतं घाला. अमोनिया बांधून ठेवणारी द्रावणं तांब्यासोबत घालू नका. त्यातली काही तांब्याचं रूप बदलून ते आणखी विषारी करतात.

पूर्ण मात्रेवर १४ दिवस झाले की मासा दुसऱ्या कोरड्या-स्वच्छ टबात, नव्या पाण्यात, दुसऱ्या मुरवलेल्या स्पंजसह हलवा. दुसरा टब नसेल तर त्याच टाकीत ३० दिवस.

कृमी आणि शेवटचे दोन आठवडे

त्वचेवरच्या चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम, ४५ लिटरला ११२ मिलिग्रॅम. अंड्यांवर ते चालत नाही, म्हणून सात दिवसांनी दुसरा डोस. कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्यांत बहुधा इतर औषधंही असतात, त्या नकोत. शंका असेल तर काळ्या टोपात त्याच तापमानाचं आणि पीएचचं गोडं पाणी घेऊन मासा पाच मिनिटं ठेवा. कृमी असतील तर तिळासारखे पांढरे होऊन तळाला पडतात.

गणेश चवथीच्या आधीच्या तीन आठवड्यांत नवा मासा आणू नका. मूळ घरी पाच दिवस गेलात की तांबं मोजायला मागे कोणी नसतं.

गोगलगायी आणि कोरल यांना तांब्याच्या पाण्यात टाकायचंच नाही, त्यांना माशांविना वेगळी टाकी. आणि समुद्रातून कोरल उचलून आणायचा विचार असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

सगळं पार पडल्यावर मासा जाळ्याने मुख्य टाकीत, क्वारंटाइनचं पाणी संडासात. टाकी आणि पाइप १० लिटर पाण्यात १०० मिली ब्लीच घालून तासभर भिजवा, भरपूर धुवा आणि उन्हात वाळवा. पावसात ऊन मिळत नाही, तेव्हा ब्लीच टाळता येत नाही. तांब्यात राहिलेले स्पंज फेकून द्या आणि त्याच संध्याकाळी नवे दोन संपमध्ये सोडा.