अर्धवट रायफल रिसीव्हर विकत घेताना या चुका टाळा

अमेरिकेत दुकानातून रायफल घेताना काउंटरपलीकडचा माणूस फॉर्म ४४७३ पुढे सरकवतो. व्हिसा कोणता, कधी शिक्षा झाली आहे का, घरगुती हिंसाचाराचा खटला, अमली पदार्थ असे सगळे प्रश्न त्यावर असतात. उत्तरे भरली की पार्श्वभूमी तपासली जाते आणि मगच शस्त्र हातात पडते. अर्धवट रिसीव्हर, म्हणजे रायफलचा पुरता न घडवलेला सांगाडा, टपालाने घरी येतो तेव्हा हे प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणून ते लागूच नाहीत असा समज होतो. प्रश्न तेच राहतात, फक्त उत्तर चुकले तर थांबवणारे कोणी नसते. खाली दिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

'ऐंशी टक्के' या शब्दावर विसंबणे

१९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार रायफलचा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट आणि चापाची यंत्रणा ज्यात बसते तो सांगाडा, हेच कायद्याच्या दृष्टीने शस्त्र. एआर-१५ मध्ये हा मान खालच्या भागाला, लोअरला आहे. नळी, दस्ता, वरचा भाग हे सुटे भाग ठरतात. लोअर किती घडला की तो 'रिसीव्हर' होतो, यावरच सगळा वाद आहे. 'ऐंशी टक्के', म्हणजे तेवढा घडवलेला अर्धवट लोअर, हा विक्रेत्यांचा शब्द. कायद्यात तो नाही आणि शस्त्रांवर देखरेख करणारे एटीएफ हे केंद्रीय खातेही तो मानत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झालेल्या एटीएफच्या नियमाने मोजपट्टी बदलली. अर्धवट तुकडा सहज आणि लवकर पूर्ण करता येत असेल तर तो शस्त्रच. त्याला सिरीयल नंबर हवा, परवानाधारक विक्रेता हवा आणि पार्श्वभूमी तपासणीही हवी. वेळ, कौशल्य, लागणारी अवजारे आणि सोबत आणखी काय विकले, हे सगळे पाहिले जाते. एकच विक्रेता अर्धवट तुकड्यासोबत तो पूर्ण करण्याचा साचा (जिग) देत असेल तर चित्र पालटते. दोन वेगळ्या पावत्या केल्या म्हणून ते पुन्हा पालटत नाही. २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बोंडी विरुद्ध व्हॅनडरस्टॉक खटल्यात ७ विरुद्ध २ मतांनी हा नियम टिकवला. निकालपत्र न्यायमूर्ती गॉर्सच यांचे. जुन्या यूट्यूब व्हिडिओंवर आणि २०२२ पूर्वीच्या सल्ल्यांवर विसंबून पैसे भरणारे इथेच फसतात.

व्हिसा विसरणे

मराठी वाचकासाठी ही सर्वांत महागडी चूक, म्हणून थोडे सविस्तर. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा आहेत. अशा व्हिसावर आलेल्या व्यक्तीने शस्त्र किंवा काडतुसे बाळगणे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकारीचा परवाना असणे हा त्यातला सर्वांत माहितीचा अपवाद. तो परवाना चालू असावा लागतो. मुदत संपली की अपवादही संपला, मग रायफल कपाटात कुलपात असली तरी.

आय-१४० (मालकाने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झाले, ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षे गेली, घर घेतले, मुले इथे जन्मली, यातल्या कशानेही व्हिसाचा प्रकार बदलत नाही. ग्रीन कार्ड हातात आल्यावर ही आडकाठी जाते. पण शस्त्रविषयक गुन्ह्यात शिक्षा झाली तर ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येते. बाळगण्याच्या या गुन्ह्याला २०२२ पासून कमाल १५ वर्षांची कैद आहे. घडवलेला लोअर नुसता टेबलावर पडलेला असला, नळी बसवलेली नसली, तरी तो शस्त्रच मोजला जातो. 'अजून रायफल झालीच नाही' हा बचाव चालत नाही.

गांजाचेही तसेच. राज्याने मोकळीक दिली असली तरी केंद्रीय कायदा वेगळा आहे, आणि फॉर्म ४४७३ वर तसा इशारा छापलेलाच असतो.

राज्याचा कायदा नंतर वाचणे

स्वतःच्या वापरासाठी शस्त्र बनवणाऱ्या पात्र व्यक्तीने नंबर कोरावा, असे केंद्रीय कायदा साध्या रायफलच्या बाबतीत म्हणत नाही. हे वाक्य सगळीकडे फिरते आणि त्याचा पुढचा भाग गळून पडतो: राज्य तसे म्हणू शकते. कॅलिफोर्नियात बनवण्याआधी राज्याच्या न्याय खात्याकडे अर्ज करून नंबर घ्यावा लागतो, तो ठरल्या मुदतीत कोरावा लागतो आणि असे शस्त्र पुढे विकता येत नाही. तिथे बिननंबरी अर्धवट रिसीव्हरची विक्रीही बंद आहे. न्यू जर्सीत बिननंबरी शस्त्र बनवण्यासाठी भाग विकत घेणे हाच २०१८ पासून गुन्हा आहे. कोलोरॅडोत १ जानेवारी २०२४ पासून बिननंबरी रिसीव्हर जवळ ठेवणेही बेकायदा आहे.

नोकरी बदलून टेक्सासहून न्यू जर्सीतल्या एडिसनला सामान हलवताना रिसीव्हरच्या खोक्याची आठवण ट्रक भरण्याआधी व्हावी. तो खोका ट्रकमध्ये टाकण्यापूर्वी नव्या राज्यातल्या वकिलाशी बोला.

नळीची लांबी अंदाजाने धरणे

रायफलची नळी १६ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल तर ती १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली येते. आधी फॉर्म १ (एटीएफकडे करायचा परवानगीचा अर्ज) मंजूर व्हावा लागतो, मगच बनवता येते. १ जानेवारी २०२६ पासून यावरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, त्यामुळे नोंदणीही गेली असे अनेकांना वाटते. नोंदणी आहे तशीच आहे.

मोजण्यात चूक होते ती अशी. लोक नळी बाहेरून दिसते तेवढी मोजतात. योग्य रीत: शस्त्र रिकामे असल्याची खात्री करा, बोल्ट बंद करा, तोंडातून लाकडी काठी अलगद आत सोडा, ती बोल्टला टेकली की नळीच्या तोंडापाशी पेन्सिलने खूण करा, काठी काढून खुणेपर्यंत मोजा. टोकाला आट्यांवर फिरवून बसवलेला ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा) या मापात धरत नाहीत, वेल्डिंगसारख्या मान्य रीतीने कायमचा जोडलेला असेल तरच धरतात. पंधरा पूर्णांक नऊ दशांश इंच म्हणजे सोळा नव्हे.

आपोआप गोळीबार होईल असा कोणताही बदल हा वेगळाच आणि फार मोठा गुन्हा आहे. १९ मे १९८६ नंतर सामान्य नागरिकासाठी तो रस्ता बंद आहे, कोणताही फॉर्म भरून तो उघडत नाही.

आयात भागांची मोजणी चुकणे

एके-४७ प्रकारच्या आयात किटवर रायफल बांधणाऱ्यांना आयात भागांवर मर्यादा घालणारे ९२२(आर) हे केंद्रीय कलम लागते. यादीत २० भाग आहेत, त्यांतले १० पेक्षा जास्त आयात असता कामा नयेत. मेख मॅगझिनमध्ये आहे. त्याचा डबा, आतला फॉलोअर (काडतुसे वर सारणारा तुकडा) आणि तळाची पट्टी हे तीन वेगळे भाग मोजले जातात. अमेरिकी मॅगझिन लावून गणित दहावर बसवले असेल आणि नेमबाजीच्या मैदानावर जाऊन परदेशी मॅगझिन लावले, तर गणित त्याच क्षणी तेरावर जाते. मोजणी कागदावर लिहून पावत्यांसोबत ठेवा.

मित्राला 'एक बनवून देणे'

स्वतःसाठी बनवणे आणि विकण्यासाठी बनवणे यांत उत्पादकाचा परवाना उभा आहे. नफ्यासाठी व्यवसाय म्हणून बनवायचे तर तो लागतोच. मशीन शॉपने ग्राहकाला आपले सीएनसी (संगणकाने चालणारे) यंत्र चालवू दिले, बटण ग्राहकाने दाबले, तरी ते दुकानाचे उत्पादन ठरते, असे एटीएफने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. दुसऱ्या राज्यातल्या मित्राला हातोहात देणेही चालत नाही, मध्ये परवानाधारक विक्रेता लागतो.

दुरुस्तीला दिलेले बिननंबरी शस्त्र परवानाधारकाच्या नोंदवहीत गेले तर त्याला त्यावर सात दिवसांत किंवा परत देण्याआधी, जे आधी येईल तेव्हा, नंबर कोरावा लागतो. त्यामुळे गनस्मिथ (शस्त्रे दुरुस्त करणारा) नकार देतो किंवा कोरण्याचे पैसे लावतो, तेव्हा तो अडवणूक करत नाही. चोरी झाली तर अडचण मोठी: पोलिसांना द्यायला नंबरच नसतो.

भारतात पाठवणे

हे करूच नका. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या व्याख्येत सुटे भाग आणि शस्त्रे बनवण्याची यंत्रेही येतात. अर्धवट-पूर्ण असा फरक करून सुटका नाही. आयातीला परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप आहे. अमेरिकेकडूनही निर्यात परवाना लागतो, अगदी कच्च्या फोर्जिंगला, म्हणजे ठोकून ढोबळ आकार दिलेल्या तुकड्यालासुद्धा. चेक-इन बॅगेत 'अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा' म्हणून टाकलेला लोअर मुंबई विमानतळावर क्ष-किरणात लोअरसारखाच दिसतो.

एकच रायफल हवी असेल तर नंबर असलेला तयार लोअर परवानाधारक विक्रेत्याकडून घ्या. केंद्रीय कायद्याने विक्रेत्याकडून नुसता रिसीव्हर घ्यायला वय २१ लागते, पूर्ण रायफलसारखे १८ नव्हे. अर्धवट तुकडा आधीच घरात असेल आणि व्हिसा किंवा राज्य आड येत असेल, तर त्याला अवजार लावू नका, कोणाला देऊ नका, टपालात टाकू नका. पावती आणि विक्रेत्याच्या पानाची प्रत जपून ठेवा आणि शस्त्र कायदा पाहणाऱ्या स्थानिक वकिलाला विचारा. व्हिसावर असाल तर सोबत इमिग्रेशनचा वकीलही घ्या, कारण एका खटल्यातली तडजोड दुसऱ्या फाइलमध्ये हद्दपारीचे कारण बनू शकते.