सीमाभागातल्या शाळेत शिक्षक व्हायचंय? तयारी अशी करा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात डीएड बीएड झालेली पोरं पोरी भेटली की पहिला प्रश्न एकच असतो, जागा कधी निघणार. प्रश्न बरोबर आहे, पोट सगळ्यांनाच आहे, पण जागा निघेपर्यंत जे करायचं ते कुणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय. आपल्याकडचा वर्ग एका भाषेचा नसतो. शाळेवर बोर्ड मराठी असू दे नाहीतर कन्नड, आत बसलेल्यातली काही पोरं घरात मराठी बोलतात, काही कन्नड, काही उर्दू, कणकुंबी जांबोटीकडं कोकणी, गवळी धनगरांच्या वाड्यावरची पोरं त्यांच्या बोलीत, आणि ऊसतोडीच्या दिवसात बीड विजापूरकडनं आलेल्या टोळ्यांची लमाणी बोलणारी पोरं पण मधेच येऊन बसतात. इथं नव्या मास्तराकडनं सगळ्यात मोठा अन्याय होतो तो म्हणजे गप्प बसलेल्या पोराला कच्चं ठरवणं. त्याला गणित येत असतं, तुमचं वाक्य कळलेलं नसतं. एवढं डोक्यात ठेवून तयारी केली तर बाकी सगळं जमतं.

आधी पात्रतेचं सांगतो. पहिली ते पाचवी शिकवायचं असेल तर डीएलएड (म्हणजे पूर्वीचं डीएड) करा, बीएडच्या भरवशावर राहू नका, कारण ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की प्राथमिकच्या त्या वर्गांना बीएड चालत नाही. सहावी ते आठवीला डिग्री आणि बीएड, इथं त्या पदाला जीपीटी म्हणजे ग्रॅज्युएट प्रायमरी टीचर म्हणतात. नंतर कर्नाटक टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पेपर १ पाचवीपर्यंत, पेपर २ सहावी ते आठवी, १५० प्रश्न, १५० मार्क, अडीच तास. जनरलला ६० टक्के म्हणजे ९० मार्क लागतात, एससी एसटीला ५५ टक्के. एकदा पास झालात की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, त्यामुळं जागा निघायची वाट बघत टीईटी पुढं ढकलू नका. मराठी पहिली भाषा म्हणून घेता येते, पण गणित, परिसर, बालमानसशास्त्र याचे प्रश्न कन्नड आणि इंग्रजीत असतात, आणि मराठी मिडियमची हुशार पोरं तिथंच अडकतात. उत्तर माहीत असतं, प्रश्नातला शब्द माहीत नसतो. यावर उपाय साधा आहे, कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीच्या साईटवर सातही माध्यमांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, पाचवी ते आठवीचं गणित आणि विज्ञान मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीतलं समोर उघडून ठेवा आणि एकच धडा तिन्हीत वाचा. महागड्या क्लासच्या नोट्सपेक्षा याचा उपयोग जास्त होतो असं माझं ठाम मत आहे.

आता कन्नड शिकण्याचं. यावर घरात वाद होतात, भावना दुखावतात, मला ते माहीत आहे आणि त्या भावना खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पण वर्गापुरतं बघा. २०१५ च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं कन्नड सक्तीचं झालंय, पहिली नाहीतर दुसरी भाषा म्हणून, म्हणजे तुमच्या मराठी शाळेतलं पोर पण कन्नडचा पेपर देणार आहे. बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या ऑफिसची सुत्तोले म्हणजे परिपत्रकं कन्नडमध्ये येतात, मीटिंगा कन्नडमध्ये होतात. कन्नड वाचता न येणारा मराठी शिक्षक प्रत्येक कागदाला दुसऱ्याचं तोंड बघतो आणि त्याच्या शाळेची मागणी फायलीतच राहते. मराठी शाळा टिकवायची असेल तर त्या शाळेच्या मास्तराला कन्नडमध्ये अर्ज लिहिता आला पाहिजे.

शिकायला अवघड नाही. बाराखडीचा क्रम आपलाच आहे, ळ आहे, फक्त ए आणि ओ चे ऱ्हस्व दीर्घ वेगळे आहेत तिथं लक्ष द्या, आपल्या पोरांच्या कन्नड शुद्धलेखनातल्या बऱ्याच चुका तिथंच होतात. लिपीसाठी पहिलीचं कन्नड पुस्तक घ्या आणि रोज येता जाता बसचे बोर्ड वाचा. बोलण्यासाठी मात्र पुस्तक सोडा, कारण इकडची पोरं पुस्तकातलं कन्नड बोलत नाहीत. 'ऊटा आतेनु' (जेवण झालं का), 'तिळीतेनु' (कळलं का) एवढं विचारता आलं तरी पोराचा चेहरा खुलतो. मोठ्यांशी बोलताना शेवटी 'री' लावायचं विसरू नका, 'बर्री' (या), 'कूडरी' (बसा), नुसतं 'बा' (ये) म्हणालात तर तो माणूस पुढच्या पालक सभेला यायचा नाही. कन्नड शाळेत बाईंना पोरं 'अक्कोरू' म्हणतात, तेव्हा मला टीचर म्हणा म्हणून त्यांना दुरुस्त करत बसू नका. नाडगीत म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत पाठ करा आणि अर्थासकट करा, रोज प्रार्थनेला असतं.

शाळा मिळाली की पहिल्या महिन्यात पोर्शनच्या मागं धावू नका. एक वही घाला, त्यात प्रत्येक पोराच्या नावापुढं लिहा की आईशी कुठल्या भाषेत बोलतं, आजीशी कुठल्या, घरात कोण वाचतं, शाळेत कुठनं आणि कसं येतं. सॅट्समध्ये, म्हणजे पोरांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत, मातृभाषेचा जो कॉलम भरलेला असतो त्यावर जाऊ नका, तो बऱ्याचदा ॲडमिशनच्या गर्दीत अंदाजानं भरलेला असतो. नावं नीट म्हणायला शिका, शिवलिंगव्वाचं शिवलिंगा करू नका, मुजम्मिलचं मुजमिल करू नका. मग दोन भाषा येणारं पोर एका भाषेच्या पोराशेजारी बसवा, पण त्याला दुभाषा म्हणून दिवसभर राबवू नका, त्याचा पण अभ्यास आहे.

चुकांकडं बघायची नजर बदलली की निम्मं काम होतं. घरात कन्नड बोलणारं पोर मराठीत 'पुस्तक आली' म्हणेल, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला बाई बुवा असा भेद नसतो, सगळं नपुंसकलिंगी, आणि आपल्याकडं खुर्ची बाई आणि टेबल ते. भात ऐवजी बात लिहील कारण बोलीत तो ह पडतो. ही निष्काळजीची चूक नाही, नियमानं होणारी चूक आहे, म्हणून लाल पेनानं वही भरण्यापेक्षा वर्गासमोर दोन्ही भाषांची वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा आणि पोरांनाच फरक शोधू द्या. हसणाऱ्याला मात्र तिथल्या तिथं थांबवा, एकदा वर्ग हसला की ते पोर सहा महिने तोंड उघडत नाही. पहिली ते तिसरीला नली-कली असेल तर ती मन लावून शिका, तीन इयत्ता एकत्र, कार्डं आणि गटांवर चालणारी पद्धत आहे, आणि भाषेत मागं पडलेल्या पोराला त्याच्या पायरीवरनं पुढं न्यायला ती खरोखर कामाला येते.

जेवणाचं पण सांगतो कारण इथं मनं दुखावतात. दुपारच्या आहारात अंडं असतं त्या दिवशी न खाणाऱ्यांना केळं मिळतं. आपल्याकडं जैन, लिंगायत घरं बरीच, त्यामुळं यादी जूनमध्येच पालकांना विचारून करून ठेवा. रोज वर्गात हात वर करायला लावून कोण खातं कोण नाही हे मोजू नका आणि अंड्याची लाईन एका बाजूला केळ्याची दुसऱ्या बाजूला असली बसण्याची वाटणी तर अजिबात नको.

सणांचं कॅलेंडर स्वतः बनवा. कर्नाटकात सहामाहीची सुट्टी दसऱ्याला आणि कोल्हापूर, चंदगड, गडहिंग्लजच्या पाहुण्यांकडं दिवाळीला, त्यामुळं दिवाळीत निम्मा वर्ग मामाच्या गावी असतो. माघ पौर्णिमेला, ज्याला कन्नडवाले भारत हुण्णिमे म्हणतात, सौंदत्तीच्या यल्लम्माला मराठी कन्नड दोन्ही घरं जातात. रमजानात उपास धरणाऱ्या मोठ्या पोरांना दुपारच्या पीटीला पळवू नका. चाचणीच्या तारखा हे बघून ठरवल्या तर हजेरीची निम्मी कटकट संपते.

१ नोव्हेंबरला जपून. राज्योत्सव म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन हा सरकारी कार्यक्रम आहे, तो नीट आणि मनापासून करायचा, आणि त्याच दिवशी काही पोरांच्या घरात, सीमाभाग महाराष्ट्रात गेला नाही म्हणून, काळा दिवस पाळतात हे पण तुम्हाला माहीत असलं पाहिजे. गैरहजर पोराला दुसऱ्या दिवशी वर्गासमोर का आला नाहीस म्हणून विचारू नका. घरच्यांच्या मताचा हिशोब आठ वर्षाच्या पोराकडं मागायचा नसतो, मराठी मास्तरानं नाही आणि कन्नड मास्तरानं पण नाही.

पालकांना भेटायला त्यांच्या वेळेला जा. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या आया संध्याकाळी कारखानदाराकडं माल देऊन येतात, त्यांना दुपारी दोनच्या सभेला बोलावून त्या आल्या नाहीत म्हणून नावं ठेवण्यात अर्थ नाही. नोटीस दोन्ही लिप्यांत काढा, आणि वाचता न येणाऱ्या घरी निरोप पोरासोबत तोंडी पाठवा.

आणि शिरकाव कसा करायचा ते. कायम जागा निघेपर्यंत अतिथी शिक्षक म्हणून लागा, मानधन कमी आहे आणि नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरतीच असते हे खरं, पण असा वर्ग हाताळायला दुसरीकडं कुठं शिकायला मिळत नाही. कर्नाटकातल्या शाळा मे संपता संपता उघडतात, त्यामुळं मेच्या मध्यापासनंच बीईओ ऑफिसात रिकाम्या जागांची यादी बघा आणि हेडमास्तर व एसडीएमसी म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या लोकांना जाऊन भेटा. खानापूरच्या जंगलातल्या गावांना जायला लोक नाखूष असतात, पावसात बसची फेरी बुडते, पण तिथं तुम्हाला लवकर वर्ग मिळेल. प्रायव्हेट शाळेत डेमो देताना एकाच भाषेत फाडफाड बोलून दाखवू नका, मधे थांबून न कळलेल्या पोराला दुसऱ्या शब्दात कसं सांगता ते दाखवा.

फाईल तयार ठेवा, दहावीचं मार्कलिस्ट, डिग्री, डीएलएड बीएड, टीईटी, आरडी नंबर (दाखल्यावर छापलेला सरकारी नंबर) असलेला जातीचा दाखला, आणि पहिली ते दहावी खेड्यात शिकला असाल तर ग्रामीण कोट्याचं सर्टिफिकेट, त्यावर हेडमास्तरची आणि बीईओची दोघांची सही लागते. चंदगड आजऱ्याकडनं लग्न होऊन इकडं आलेल्या बहिणींनी लक्षात ठेवा, महाराष्ट्राचा जातीचा दाखला कर्नाटकच्या आरक्षणाला चालत नाही, त्यामुळं फॉर्म कुठल्या कॅटेगरीतनं भरायचा हे तहसीलदार ऑफिसात आधी विचारून घ्या, शेवटच्या तारखेला सायबर कॅफेत बसून नको.