बाळाच्या डोळ्यातली पांढरी चमक : आमच्या सीमाभागातल्या घरांनी या चुका टाळा

गणपतीत काढलेला एक फोटो आमच्या घरात अजून आहे. माझ्या भावाची मुलगी, पावणेदोन वर्षांची, आजीच्या मांडीवर बसलेली. फ्लॅशमुळे तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली लाल आली आहे आणि डाव्या डोळ्याची पांढरी, अंधारात मांजराचा डोळा चमकावा तशी. तो फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिला, नातेवाइकांना पाठवला आणि मोबाईलचा दोष म्हणून सोडून दिला. निदान झालं संक्रांतीनंतर. मधले चार महिने आम्ही काय काय केलं, तेच इथे लिहिते आहे, कारण कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वरकडच्या ज्या ज्या घरांशी नंतर ओळख झाली, त्या बहुतेकांनी तेच केलं होतं.

आजाराचं नाव रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, वाढणारी कॅन्सरची गाठ. साधारण १६ ते १८ हजार जन्मांमागे एका बाळाला होतो, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत. भारतात दर वर्षी अंदाजे १,५०० ते २,००० मुलांना होतो. गाठ डोळ्यातच असेपर्यंत सापडली तर मूल वाचतं. २०१७ मध्ये निदान झालेल्या चार हजारांवर मुलांचा जगभरातून मागोवा घेतला गेला. श्रीमंत देशांत तीन वर्षांनी शंभरातली ९९ हून अधिक मुलं जिवंत होती. भारत ज्या गटात मोडतो त्या देशांत सुमारे ८०, आणि सर्वांत गरीब देशांत ५७. मुख्य फरक उशिराचा. श्रीमंत देशांत निदान साधारण १४ महिन्यांच्या वयात होतं, गरीब देशांत ३० महिन्यांच्या. तोवर बऱ्याच मुलांत गाठ डोळ्याच्या बाहेर पडलेली असते.

चमक दिसली आणि वाट पाहिली

फोटोतली प्रत्येक पांढरी चमक कॅन्सर नसते. बाळ बाजूला बघत असताना फ्लॅश पडला तर निरोगी डोळाही पांढरा दिसू शकतो, आणि जन्मजात मोतीबिंदूतही असंच दिसतं. पण हा निवाडा घरी बसून करायचा नाही. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, फोटो सोबत न्या आणि स्पष्ट सांगा, "थेंब घालून बाहुली मोठी करून मागचा पडदा बघा." नुसत्या टॉर्चने बघून "काही नाही" म्हटलं, तर तपासणी झालेली नाही असं समजा. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर हे कळत नाही.

तिरळेपणाचंही तसंच. आमच्याकडे तिरळं मूल भाग्याचं म्हणतात. तीन-चार महिन्यांपर्यंत बाळाचे डोळे अधूनमधून फिरतात, ते चालतं. त्यानंतरही एक डोळा सतत तिरका राहिला तर दाखवायलाच हवं, कारण चमकेखालोखाल या आजाराची हीच खूण जास्त दिसते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा सरकारी बाल आरोग्य पथक येतं. त्यांना आणि आशाताईंना आपणहून सांगा. रांगेतल्या इतक्या पोरांत एका पोराची बाहुली त्यांना दिसेलच असं नाही.

थेंब, काजळ आणि दूध

दिवाळीत तिचा डोळा लाल झाला. डोळे आलेत म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणले. ते संपले, दुसरे आणले. वहिनीने अंगावरचं दूध घालून पाहिलं, कुणी मध सांगितला, आजीने दृष्ट काढली. दृष्ट काढण्याने काही बिघडत नाही, काढा. पण डोळ्यात काहीही घालू नका. लाल डोळा आठवडाभरात निवळला नाही, दुखतो आहे किंवा मोठा दिसतो आहे, तर आतला दाब वाढलेला असू शकतो. आमचे सहा आठवडे या थेंबांत गेले.

"सुई घालून बघूया"

इतर गाठींचा तुकडा काढून तपासतात, तसं इथे सहसा करत नाहीत. डोळ्यात सुई किंवा सुरी गेली तर त्या वाटेने पेशी बाहेर पसरू शकतात. निदान होतं ते बाळाला भूल देऊन पडदा तपासून, सोनोग्राफीने आणि एमआरआयने. कुणी घाईने मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं म्हटलं, तर आधी मागे गाठ नाही ना, हे सोनोग्राफीत पाहिलं का, असं विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

डोळा काढायला नकार

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथेही मुलं हातातून जातात.

डॉक्टरांनी सांगितलं की डावा डोळा गाठीने भरला आहे, त्यात दृष्टी उरलेली नाही, काढावा लागेल. भाऊ गप्प झाला. आमची आई म्हणाली, "पोरीच्या जातीला डोळा नसला तर कोण करून घेणार तिला?" ती दुष्टपणाने बोलली नव्हती. नातीचं पुढचं सगळं आयुष्य तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं. मग सल्ले सुरू झाले. घाटाखाली एक वैद्य आहेत, अमुक काढ्याने गाठ विरते, आणखी एक मत घेऊ, पंधरा दिवस थांबू. दुसरं मत जरूर घ्या, पण आठवड्याच्या आत घ्या, आणि या आजाराची मुलं नेहमी पाहणाऱ्या डॉक्टरांकडूनच. ही गाठ डोळ्याच्या नसेवरून मेंदूकडे सरकते. एकदा ती बाहेर पडली की डोळा काढूनही मूल वाचेल याची खात्री राहत नाही.

आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं अशा काही गोष्टी. ऑपरेशनमध्ये रिकाम्या जागी एक गोळा बसवतात, त्यामुळे चेहरा खोलगट दिसत नाही. जखम भरल्यावर, साधारण सहा-आठ आठवड्यांनी, मापाचा कृत्रिम डोळा बसतो. दुसऱ्या डोळ्याच्या रंगाशी जुळवून तो रंगवतात. एका चांगल्या डोळ्यावर मूल शाळेत जातं, सायकल चालवतं, सुईत दोरा ओवतं. आईला हे सांगून पटलं नाही. दवाखान्यातल्या ओळीत सातवीतली एक मुलगी बसली होती. तिचा कोणता डोळा खोटा आहे ते आईला ओळखता आलं नाही. त्या मुलीच्या आईशी ती अर्धा तास बोलली आणि घरी न जाता भावाला म्हणाली, "सही कर." तुमच्याही घरात अडलं असेल, तर डॉक्टरांना सांगून अशा एखाद्या कुटुंबाशी गाठ घालून घ्या.

प्रत्येक डोळा काढावाच लागतो असंही नाही. गाठ लहान असेल तर लेसर, अतिथंड उपचार आणि केमोने, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधांनी, डोळा वाचवता येतो, कधी कधी नजरही. म्हणून तर लवकर जायचं.

ऑपरेशननंतरचा रिपोर्ट न घेणं

काढलेला डोळा तपासणीला जातो. कॅन्सरच्या पेशी डोळ्यामागच्या नसेत किंवा डोळ्याच्या आतल्या थरात खोलवर गेल्या आहेत का, हे त्या रिपोर्टवरून कळतं, आणि केमो लागणार की नाही ते त्यावर ठरतं. टाके सुकले, पोर खेळायला लागलं म्हणून रिपोर्ट न घेता गावी परतलेलं एक कुटुंब मला माहीत आहे. रिपोर्ट हातात घ्या आणि डॉक्टरांकडून समजून घ्या.

चमक गेली म्हणून केमो सोडणं

केमो साधारण तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात, बऱ्याचदा सहा वेळा. दोन-तीन वेळांतच गाठ आक्रसते, चमक कमी होते आणि घरच्यांना बरं झाल्यासारखं वाटतं. त्यात भाताची कापणी आली किंवा उसाला तोड लागली की पुढची तारीख चुकते. उरलेल्या पेशी मग पुन्हा वाढतात आणि औषधाला दाद देत नाहीत. तारखा कॅलेंडरवर लिहा आणि शेताच्या कामाला माणूस आधीच बघून ठेवा.

केमोच्या काळात ताप १०० च्या वर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी निघायचं. सगळ्यात जवळ कुठे जायचं, ते वॉर्डातून बाहेर पडण्याआधीच विचारून ठेवा. लस देण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारा.

प्रवासातला बिस्किटाचा पुडा

भूल द्यायची असते म्हणून बाळाला उपाशी न्यावं लागतं. आम्ही रात्रभर प्रवास करून गेलो. पहाटे ती रडायला लागली म्हणून आजीने बिस्किट दिलं. तपासणी रद्द झाली, पुढची तारीख बारा दिवसांनी. दूध किती वाजता बंद, पाणी किती वाजता बंद, हे नर्सकडून लिहून घ्या आणि सोबतच्या प्रत्येकाला सांगा. चुकून काही दिलंच तर लपवू नका. भुलेत उलटी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

कागद

दारिद्र्यरेषेखालच्या रेशनकार्डावर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकातून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण तातडीचं नसेल तर सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. ते न घेता थेट मोठ्या दवाखान्यात गेलो की खर्च अंगावर पडतो. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. मिरज, कोल्हापूर किंवा मुंबईला जाणार असाल तर तुमचं गाव त्यात आहे का आणि कोणते कागद लागतील, हे त्या दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीवर निघण्याआधीच विचारा. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट मोफत आणि सोबतच्याला ७५ टक्के सवलत असते. त्याचा फॉर्म दवाखान्यात सही करून मिळतो. आम्ही पहिल्या तीन खेपा पूर्ण पैसे भरून केल्या.

नाडकचेरीतले, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातले, दाखले कन्नडमध्ये असतात. महाराष्ट्रात जाताना त्यांचं भाषांतर लागेल का, तेही त्याच खिडकीवर विचारा. सगळे रिपोर्ट, एमआरआयची सीडी आणि केमोच्या तारखा एका फाईलमध्ये ठेवा, आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा.

भावंडांना न दाखवणं

शंभरातल्या सुमारे चाळीस मुलांत हा आजार जनुकातून आलेला असतो. दोन्ही डोळ्यांत गाठी असतील तर तो जनुकाचाच धरतात, आणि असं मूल मोठं होऊन त्याला जी मुलं होतील, त्या प्रत्येकाला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. यात आईचा किंवा बापाचा गुन्हा काही नाही. वहिनीला कितीजणींनी "गरोदरपणात ग्रहण पाळलं नाहीस का" असं विचारलं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. रक्ताची जनुकीय तपासणी करता येते का ते विचारा, आणि सख्ख्या लहान भावंडांचे पडदे तपासून घ्या.

गेल्या वर्षी भावाला मुलगा झाला. आठव्या दिवशी त्याच्या डोळ्यांत थेंब घालून पडदा पाहिला, मग दर महिन्याला. त्याला घेऊन निघताना आता पिशवी आईच भरते, आणि बिस्किटं परतीच्या प्रवासासाठी वेगळ्या डब्यात ठेवते.