लाकडाची शेगडी: धूर चिमणीत सोडू नका, आतच जाळा

पेटवून अर्धा तास झाला तरी चिमणीतून दाट, करडा धूर निघत असेल, तर जळण वाया जातंय आणि चिमणीही आतून घाण होतेय. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग वायू होऊन सुटतो, मागे उरतो तो कोळसा. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंमध्येच असते. ते नीट जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेशी हवा लागते. तेवढी धग मिळाली नाही तर तेच वायू धूर होऊन वर जातात, चिमणीच्या गार भिंतीला धरतात आणि त्यांचं क्रिओसोट बनतं. हा डांबरासारखा काळा थर पटकन पेट घेतो. म्हणजे जो धूर आत जळला तो ऊब देतो, आणि जो जळला नाही तो पुढे आग लावतो. खाली जे काही सांगितलंय ते सगळं यावरूनच येतं.

इथे शेगडी म्हणजे ओतीव लोखंडाची किंवा जाड पत्र्याची, दार घट्ट बसणारी, धूर चिमणीवाटे बाहेर सोडणारी शेगडी. घमेल्यातले किंवा उघड्या शेगडीतले निखारे बंद खोलीत उबेसाठी कधीही ठेवू नका. निखाऱ्यांना धूर नसतो, पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि त्याला ना रंग ना वास.

शेगडी केवढी घ्यावी

मोठी घेतलेली बरी, असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच गणित चुकतं. मोठी शेगडी पूर्ण जोरात चालवली तर खोलीत बसवत नाही. मग माणूस हवेची झडप बंद करत जातो, आग धुमसते, काच काळी पडते आणि चिमणीत थर चढतो. लहान शेगडी जोमानं चालवणं कधीही चांगलं. बऱ्यापैकी बंदिस्त घरासाठी साधा हिशोब असा: दर १४ घनमीटरला १ किलोवॅट. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच असेल तर ५६ घनमीटर होतात, म्हणजे ४ किलोवॅट पुरे. फटींतून वारा येत असेल तर शेगडी वाढवण्याआधी फटी बुजवा. मात्र शेगडीला लागणारी हवा येण्याची वाट ठेवा.

अंतर आणि पाइप

शेगडीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत अंतरं दिलेली असतील तर तीच पाळा. काहीच दिलेलं नसेल तर लाकडी भिंत, पडदे, फर्निचर यांपासून शेगडी सगळ्या बाजूंनी ९० सेंटीमीटर लांब हवी आणि एकेरी पत्र्याचा पाइप त्यांपासून ४५ सेंटीमीटर दूर. लाकडी चौकटीवर प्लास्टर केलेली भिंतसुद्धा जळाऊच धरा, कारण उष्णता आतल्या लाकडापर्यंत पोहोचते. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड हळूहळू कोळपतं आणि मग नव्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेटतं. पाच वर्षं काही झालं नाही म्हणून अंतर पुरेसं आहे, असं समजू नका.

जागा कमी असेल तर भिंतीपुढे पत्रा लावा, पण भिंतीला चिकटवून नाही. मध्ये २.५ सेंटीमीटर पोकळी हवी आणि खालून-वरून हवा फिरायला वाट हवी. पत्र्याची गरमी उतरते ती या फिरणाऱ्या हवेमुळे. चिकटवलेला पत्रा ती सरळ भिंतीत उतरवतो. तपासायचं सोपं: शेगडी चांगली तापलेली असताना मागच्या भिंतीवर तळहात टेकवा. हात ठेवता येत नसेल तर अंतर कमी आहे.

खालची जमीन जळाऊ असेल तर फरशीचा किंवा सिमेंटचा ओटा करा. तो दारापुढे ४५ आणि बाकी बाजूंना २० सेंटीमीटर बाहेर यायला हवा. जळका तुकडा पडतो तो दारापुढेच.

पाइप जितका आखूड आणि सरळ, तितकी ओढ (धूर वर खेचला जाण्याचा जोर) चांगली. काटकोनाची वळणं दोनाहून जास्त नकोत. आडवा तुकडा टाळता येत नसेल तर त्याला मीटरमागे किमान २ सेंटीमीटर चढ द्या. जोड देताना वरच्या पाइपचं चुणीदार (चुण्या पाडून अरुंद केलेलं) टोक खालच्या पाइपच्या आत जायला हवं. पुष्कळदा हे उलटं बसवलेलं दिसतं आणि मग काळं पाणी पाइपवरून बाहेर ओघळतं. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू मारा. छत किंवा भिंत ओलांडताना एकेरी पत्रा चालत नाही; तिथे दुहेरी भिंतीची, मध्ये उष्णतारोधक भरलेली चिमणीच लागते.

शेगडीपासून वर एकूण उंची साडेचार मीटर तरी हवी. छपरातून जिथे चिमणी बाहेर पडते तिथून ती ९० सेंटीमीटर वर जावी, आणि तीन मीटरच्या परिघातल्या कुठल्याही भागापेक्षा ६० सेंटीमीटर उंच असावी. नाहीतर वाऱ्याचा झोत छपरावरून वळून धूर खाली दाबतो. घराच्या आतून गेलेली चिमणी गरम राहते आणि बाहेरच्या भिंतीला लावलेली गार पडते, त्यामुळे निवड हातात असेल तर आतूनच न्या.

जळण

शेगडी कितीही चांगली असो, ओलं सरपण तिला निकामी करतं. ताज्या तोडलेल्या दहा किलो लाकडात जवळपास पाच किलो पाणी असू शकतं. ते उडवायला साधारण सातवा हिस्सा उष्णता जाते, पण खरा तोटा पुढे आहे: पाण्यामुळे आग थंड पडते, वायू पेटत नाहीत आणि निम्मं लाकूड धूर होऊन जातं.

ओल २० टक्क्यांच्या खाली हवी. त्यासाठी लाकूड आधी फोडावं लागतं. अख्खा ओंडका सालीच्या आत वर्षानुवर्षं ओला राहतो. शेगडीच्या आतल्या लांबीपेक्षा ५ ते ७ सेंटीमीटर आखूड तुकडे करा आणि ८ ते १५ सेंटीमीटर जाडीचे फोडून घ्या. थप्पी जमिनीपासून वर, फळ्यांवर किंवा विटांवर लावा. माथ्यावर झाकण, बाजू उघड्या. प्लास्टिकनं चहूबाजूंनी गुंडाळलेली थप्पी सुकत नाही, कुजते. हलक्या लाकडाला सहा महिने ते वर्ष, जड आणि घट्ट लाकडाला एक ते दोन वर्षं धरा.

सुकल्याची खूण म्हणजे टोकांना तडे जातात, साल सुटते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक, खणखणीत आवाज येतो. तरी या खुणा फसवू शकतात, ओलमापक मीटर घेणंच उत्तम. मीटर वापरताना तुकडा आधी फोडा आणि नव्या उघड्या पृष्ठभागाच्या मधोमध, रेषांच्या दिशेनं टोकं खुपसा. बाहेरून मोजलं तर आकडा सहसा कमी दिसतो.

लाकडाच्या जातीबद्दल फार वाद होतात. वास्तविक सारखंच सुकलेलं लाकूड किलोमागे जवळपास सारखीच उष्णता देतं; जड लाकूड एका भरणीत जास्त मावतं, इतकाच फरक. राळेच्या लाकडानं चिमणी भरते, ही समजूतही पुरती खरी नाही. चिमणी भरते ती ओलीनं आणि धुमसण्यानं.

रंगवलेलं किंवा औषध लावलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक, घरचा कचरा, समुद्रातून वाहून आलेलं लाकूड हे काहीही शेगडीत घालू नका. धूर विषारी होतो, आणि खाऱ्या लाकडातलं मीठ लोखंड खातं.

पेटवण्याची रीत

वरून पेटवा. तळाशी दोन-तीन मध्यम फोडी एकमेकींत बोटभर फट ठेवून मांडा. त्यावर आडव्या चार-पाच बारीक फोडी, त्यावर अंगठ्याएवढ्या दहा-पंधरा सुक्या ढलप्या आडव्या-उभ्या. सगळ्यात वर कागदाचा सैल बोळा किंवा पेटवण. हवेच्या सगळ्या झडपा पूर्ण उघडा, काडी लावा आणि दार लावून घ्या. गरज पडली तर पहिली काही मिनिटं दार किंचित फटीत ठेवा, पण तेवढा वेळ समोरून हलू नका. रॉकेल, पेट्रोल कधीही नको.

आग वरून खाली उतरते, त्यामुळे खालच्या लाकडातून सुटणारे वायू वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातात. चिमणीही लवकर तापते. खालून पेटवलं की गार लाकूड आगीच्या वर राहतं आणि पहिली वीस मिनिटं नुसता धूर होतो.

धूर उलटा खोलीत येत असेल तर चिमणीत गार हवेचा दट्ट्या बसलाय. पाइपच्या तोंडाशी कागदाचा एक बोळा जाळा, ओढ सुरू होते. तरीही येत असेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करून बघा. घट्ट बंद घरात तो पंखा चिमणीतूनच हवा खेचतो. अशा घरात शेगडीला बाहेरून स्वतंत्र हवा देणं चांगलं.

आग चालवताना

शेगडीच्या वर ४५ सेंटीमीटरवर पाइपला चुंबकी तापमापक लावा. एकेरी पत्र्याच्या पृष्ठभागावर १२० ते २५० अंशांच्या दरम्यान काटा हवा. त्याखाली सतत राहिला तर क्रिओसोट साचतं, फार वर गेला तर शेगडी आणि पाइप दोन्ही खराब होतात. पाइप लालसर दिसू लागला तर हवा लगेच कमी करा.

ज्वाळा विझून नुसते निखारे उरले की नवं लाकूड घाला. दार आधी किंचित उघडून दहा-पंधरा सेकंद थांबा, मग पूर्ण उघडा. धूर बाहेर येत नाही. निखारे हवेच्या वाटेकडे ओढा, मागे दोन-तीन फोडी ठेवा (एकच फोड सहसा नीट पेटत नाही), हवा पाच ते दहा मिनिटं पूर्ण उघडी ठेवा. फोडींच्या कडा काळ्या झाल्या, ज्वाळा धरल्या, की झडप टप्प्याटप्प्यानं खाली आणा. ज्वाळा सावकाश, लवलवत्या राहायला हव्यात. विझल्या, तर हवा जास्त कापली.

रात्रभर चालावी म्हणून शेगडी गच्च भरून झडप बंद करण्याची सवय सोडा. चिमणी भरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. झोपायच्या दीड-दोन तास आधी शेवटची भरणी जोरात जाळा आणि निखाऱ्यांवर रात्र काढा. निखारे असेपर्यंत हवा पूर्ण बंद करू नका.

राख, पॅकिंग, चिमणी

तळाशी २-३ सेंटीमीटर राख राहू द्या, निखारे तिच्यात टिकतात. जास्तीची राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा आणि बादली घराबाहेर, न जळणाऱ्या जागेवर ठेवा. राखेत दडलेला निखारा चार दिवससुद्धा जिवंत राहतो. पिशवी, पुठ्ठ्याचा खोका, लाकडी ओसरी यांपासून राख लांबच ठेवा.

दाराचं दोरीचं पॅकिंग तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर पॅकिंग बदला. तिथून शिरणारी हवा तुमच्या झडपेच्या ताब्यात नसते. काच ओल्या कागदावर बारीक राख घेऊन पुसली की स्वच्छ होते.

चिमणी वर्षातून एकदा ब्रशनं साफ करायचीच. पहिल्या हिवाळ्यात मात्र महिन्यातून एकदा आत बघा. थर ३ मिलिमीटर झाला तर न थांबता लगेच साफ करा. काजळी भुरभुरीत असेल तर ठीक, पण काचेसारखा चकचकीत थर ब्रशनं निघत नाही, त्याला जाणकार माणूस बोलवावा लागतो.

अलार्म आणि चिमणीची आग

प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. घरातल्या एकाहून अधिक जणांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, चक्कर किंवा मळमळ होऊ लागली, तर तो सर्दीताप समजून पडून राहू नका. सगळे बाहेर पडा आणि बाहेरून मदत बोलवा.

चिमणीत आग लागली की घोंघावणारा, मोठा आवाज येतो, पाइप थरथरतो, वरून ठिणग्या उडतात. शेगडीचं दार आणि हवेच्या सगळ्या झडपा बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला फोन करा. चिमणीत पाणी ओतू नका. तापलेला अस्तराचा भाग तडकतो आणि आग भिंतीत शिरायला वाट मिळते. आग आपोआप विझल्यासारखी वाटली तरी दलाला येऊ द्या, कारण छपराच्या लाकडात ती तासन्‌तास दडून राहू शकते. त्यानंतर चिमणी आतून तपासून घेतल्याशिवाय शेगडी पुन्हा पेटवायची नाही.