उत्कलनबिंदूची तुलना: आधी इलेक्ट्रॉन मोजा, मग ध्रुवीयता पाहा

रेणू ध्रुवीय (एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण) आहे की नाही, हे नुसत्या सूत्रावरून ठरवू नका, आकार काढा. कार्बन डायऑक्साइडचे दोन्ही बंध ध्रुवीय असतात, पण रेणू सरळ असल्याने ते एकमेकांना रद्द करतात. सल्फर डायऑक्साइडमध्ये मात्र सल्फरवरच्या एकाकी (बंधात न गुंतलेल्या) इलेक्ट्रॉन जोडीमुळे रेणू वाकतो आणि ध्रुवीय होतो.

खरी गफलत यानंतर होते. ‘ध्रुवीय म्हणजे उत्कलनबिंदू जास्त’ असं धरलं की उत्तर चुकतं. ध्रुवीय क्लोरोफॉर्म सुमारे ६१° सेल्सिअसला उकळतो, तर अध्रुवीय कार्बन टेट्राक्लोराइड ७७° ला! पहिल्यात ५८ इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात ७४. इलेक्ट्रॉन जास्त, तर त्यांचा ढग सहज विस्कटतो आणि लंडन बल, म्हणजे ढग क्षणभर सरकल्याने रेणूंमध्ये निर्माण होणारं आकर्षण, वाढतं. इथे तेच वरचढ ठरतं.

ध्रुवीयतेचा परिणाम वेगळा पाहायचा असेल तर सारख्या इलेक्ट्रॉनांचे रेणू घ्या. प्रोपेन, डायमिथाइल ईथर आणि इथेनॉल हे त्रिकूट फार उपयोगी आहे, कारण तिघांतही २६ इलेक्ट्रॉन आहेत. उत्कलनबिंदू अनुक्रमे सुमारे -४२°, -२४° आणि ७८°. शेवटची मोठी उडी हायड्रोजन बंधाची, म्हणजे ऑक्सिजनला जोडलेल्या हायड्रोजनच्या शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनशी असलेल्या आकर्षणाची: ईथरमध्ये ऑक्सिजन आहे, पण त्याला जोडलेला हायड्रोजन नाही.