विंडोज सुरू होत नसेल, तर आधी फायली वाचवा

संगणक सुरू करताच काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस (ज्या डिस्कवरून संगणक सुरू होतो ती) सापडत नसल्याचा संदेश आला, तर पुष्कळजण घाईने विंडोज पुन्हा टाकायला घेतात, आणि त्यात वर्षानुवर्षांचे फोटो व हिशेब कायमचे जाऊ शकतात. प्रथम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन डिस्कचे नाव दिसते का, एवढे पाहावे. नाव दिसत असेल, तर दुसऱ्या संगणकावर किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर उबुंटू या विंडोजसारख्याच मोफत प्रणालीची बूट होणारी, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करणारी, प्रत तयार करून, तिच्यावरून बंद पडलेला संगणक सुरू करावा; मात्र तेथे 'इन्स्टॉल' न निवडता 'ट्राय उबुंटू' हाच पर्याय घ्यावा. मग फाइल व्यवस्थापकात डिस्कवरचा विंडोजचा भाग उघडून 'युजर्स' फोल्डरमधील आपल्या नावाचा संपूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्यावा. तो भाग बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) कुलूपबंद असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लागते, जी बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आजच कागदावर उतरवून ठेवावी, असे मी कळकळीने सांगेन.

जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर वरचे काहीही न करता वीज ताबडतोब बंद करावी. अशा डिस्कवर 'चेकडिस्क' ही विंडोजमधील डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवणे घातक ठरते, कारण दुरुस्तीच्या नावाखाली ती मोडकळीला आलेल्या डिस्कवर आणखी लेखन करते. असा माल डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडेच न्यावा.